बोट ठेवून दाखवा : चित्रं-शिल्पांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की चित्र किंवा पुतळा बघताना तुम्ही नेमके कुठे अडता. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून एवढं आलं की निवडता निवडता पुरेवाट झाली. सगळ्यांचा सूर साधारण एकच, की एकाच चित्राचे दहा जण दहा अर्थ सांगतात मग आम्ही कोणाचं धरायचं. नावं कोणाचीच छापत नाही कारण काही जणांनी मुद्दाम लिहिलंय "नाव नको, शेजारी हसतील". हसण्यासारखं त्यात काय आहे देव जाणे, पण असो.

प्रश्न : बाई, माझं ऑफिस पणजीत जुन्या सचिवालयाजवळ. रोज जाता-येता आबे फारीयाच्या पुतळ्यापाशी टुरिस्ट फोटो काढताना दिसतात आणि प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच. कोणी म्हणतं जादूगार आहे, कोणी म्हणतं बाईचा गळा दाबतोय, गाईड म्हणतो हा हिप्नॉटिझमचा बाप, आणि माझी मुलगी कॉलेजात आहे ती म्हणते त्या बाईचं नाव काय ते का नाही कुठे? यातलं बरोबर कोण? की कला म्हटली की सगळेच बरोबर?
— एक वाचक, ताळगाव

उत्तर : सगळे बरोबर नाहीत हे आधीच सांगून टाकते, कारण "ज्याला जे दिसेल ते खरं" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो, ते बोललं की पुढे बघायचं कामच संपतं. माझी एक जुनी सवय आहे, वर्गातली मुलं कंटाळायची तिला : जो अर्थ सांगाल तो बोट ठेवून दाखवा. चित्रात, पुतळ्यात, जिथे असेल तिथे. आता गळा दाबतोय म्हणणाऱ्याला सांगा की बोट ठेव. हात गळ्यावर नाहीतच, ते हवेत आहेत, बाईच्या वर पसरलेले. संपला विषय. जादूगाराचं काय, तर अंगातला पाद्र्याचा झगा बघा, जादूगार तिथेच पडतो.

जर्मनीतून अमेरिकेत गेलेला एक कला-इतिहासकार होता, एर्विन पानोफ्स्की, त्याने १९३९ साली बघण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या त्या इथे छान लागू पडतात. पहिली पायरी म्हणजे फक्त जे दिसतं ते. लांब झग्यातला माणूस पुढे झुकलाय, हात पसरलेत, खाली एक बाई मागे कलंडतेय. याला काहीच माहिती लागत नाही, आपले टुरिस्ट या पायरीवर उभे आहेत आणि त्यात त्यांची चूक काही नाही. दुसरी पायरी, कथा माहीत पाहिजे. हा जुझे कुस्तोदियो द फारीया, १७५६ साली कांदोळीला जन्मलेला, १८१९ साली पॅरिसला वारलेला, पाद्री, आणि माणसाला झोपेसारख्या अवस्थेत नेण्याचे जाहीर प्रयोग करणारा. तुमचा गाईड इथे उभा आहे. तिसरी पायरी जरा अवघड, की हा पुतळा त्या काळात त्या जागी का उभा राहिला? पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केला, १९४५ साली बसवला. म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट, आणि जेमतेम वर्षभराने १८ जून १९४६ ला राममनोहर लोहिया मडगावला या राजवटीविरुद्ध उभे राहणार होते. पोर्तुगीजांविरुद्धच्या १७८७ च्या पिंटोंच्या बंडात या फारीया बापलेकांचं नाव जोडलं गेलं होतं. आणि त्याच फारीयाचा पुतळा पोर्तुगीज राजवटीत, राजवाड्याच्या (म्हणजे तुमच्या जुन्या सचिवालयाच्या) शेजारी, एका गोवेकर हिंदू शिल्पकाराच्या हातचा! आपला माणूस युरोपात गाजला म्हणून गोवेकरांना कौतुक, आणि सरकारला तो आपल्या साम्राज्याचा हुशार मुलगा म्हणून दाखवता येतो, दोघांनाही पुतळा हवाच होता असं मी वाचते. हे माझं वाचन आहे, पुतळ्यावर असं काही कोरलेलं नाही.

आणखी एक गंमत सांगते जी बोट ठेवून दाखवता येते. फारीयाच्या आधीचे लोक म्हणायचे की प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काहीतरी चुंबकासारखी शक्ती निघते. फारीयाने नेमकं उलट सांगितलं, की शक्ती माझ्यात नाही, जे होतं ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनातून होतं, आणि म्हणूनच त्याचं नाव आजही घेतात. आता पुतळा बघा, सगळा जोर कुठे आहे? त्याच्या हातांत! बाई नुसती कोसळतेय. म्हणजे पुतळा त्याच्या शास्त्राच्या बरोब्बर विरुद्ध बोलतो. शिल्पकाराला दोष देत नाही हं मी, मनातलं काही पुतळ्यात दाखवायचं म्हणजे सोपं नाही, आणि नाट्य म्हणून तो गोव्यातल्या सगळ्या पुतळ्यांत सरस आहे. पण म्हणून तुमच्या मुलीचा प्रश्न मला गाईडच्या माहितीपेक्षा जास्त आवडला. ज्या बाईच्या मनामुळे सगळं घडतं असं फारीया म्हणतो तिला चेहरा आहे, नाव नाही. मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

प्रश्न : एवढं सगळं करण्यापेक्षा चित्रकारालाच विचारलं तर? किंवा त्याने कुठे लिहून ठेवलंय ते वाचायचं.
— विद्यार्थी, आल्तिनो

उत्तर : विचारा की. उपयोगी असतं, पण तो शेवटचा शब्द नसतो. १९४६ साली अमेरिकेत विमसॅट आणि बिअर्डस्ली या दोन अभ्यासकांनी साहित्याबद्दल हा वाद जोरात घातला होता, की लेखकाचा हेतू काय होता यावरून कृती जोखता येत नाही कारण हेतू साध्य झाला असेल तर तो कृतीत दिसणारच आणि दिसत नसेल तर मग तो हेतू बाहेरून चिकटवून काय फायदा. मला हे नव्वद टक्के पटतं. उरलेले दहा टक्के अशासाठी की चित्रकार जिवंत असेल तर तो रंग कसा लावला हे सांगतो, आणि ती माहिती सोन्याची. अर्थ सांगायला लागला की मात्र मी चहा मागवते.

प्रश्न : मोठमोठ्या तज्ज्ञांमध्ये पण एकमत नसतं असं ऐकलंय. मग आम्ही सामान्य माणसांनी वाद का घालायचा?
— गृहिणी, कुडचडे

उत्तर : नसतंच एकमत, आणि बुटांवरून सुद्धा भांडतात! खरंच. व्हॅन गॉगने १८८६ साली पॅरिसमध्ये जुन्या बुटांचा एक जोड रंगवला, नाड्या सुटलेल्या, चामडं सुरकुतलेलं, बाकी चित्रात काहीच नाही. हायडेगर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ, त्याने १९३५-३६ च्या व्याख्यानांत या बुटांवर फार सुंदर बोलून ठेवलंय, की हे शेतकरी बाईचे बूट, त्यात तिच्या कष्टाची पावलं, ओली माती, संध्याकाळचा एकटेपणा वगैरे. वाचताना भारून जायला होतं. मग १९६८ साली मेयर शापिरो या कला-इतिहासकाराने विचारलं, अहो पण शेतकरी बाई आणली कुठून? व्हॅन गॉग तेव्हा पॅरिसमध्ये राहत होता, बूट त्याचे स्वतःचे, शहरात राहणाऱ्या माणसाचे. पुढे देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञाने दोघांनाही धरलं, की हा जोडच आहे कशावरून, आणि बूट कोणाचे तरी असलेच पाहिजेत ही तुम्हा दोघांना घाई का?

आता बघा, तिघांची नजर वेगळी. एकाला वस्तूमागचं जगणं बघायचंय, एकाला चित्रकाराचं आयुष्य आणि पुरावा, तिसऱ्याला बघणाऱ्याचीच उलटतपासणी करायचीय. मला विचाराल तर माहितीच्या बाबतीत शापिरो जिंकतो, हायडेगरने स्वतःच्या मनातली शेतकरीण बुटात घातली. पण "झिजलेल्या वस्तूत माणूस दिसतो" हे त्याचं म्हणणं शेतकरीण काढून टाकली तरी उरतं, ते त्या सुरकुत्यांवर बोट ठेवून दाखवता येतं. म्हणून वाद घालायचा ताई, कोणाचं किती उरतं ते वादातच कळतं.

प्रश्न : साळगावचा म्हणून सगळ्यांना अभिमान, पण खरं सांगा बाई, चित्रकार सोझाची ती तोंडं तुम्ही घरात लावाल का? डोळे कपाळात, दात बाहेर, मानेत बाण. माझा नातू पाचवीत आहे, तो याहून बरी काढतो.
— निवृत्त बँक कर्मचारी, म्हापसा

उत्तर : नाही लावणार. निजायच्या खोलीत तर नाहीच नाही. पण घरात लावण्यासारखं की नाही हा निकष कॅलेंडरला ठीक आहे हो काका, फ्रान्सिस न्यूटन सोझाला लावला तर तो जिथे असेल तिथून खुश होऊन हसेल, कारण तुम्हाला बरं वाटू नये हीच त्याची इच्छा होती.

नातवाचं आधी बोलू. १९२४ साली साळगावला जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जेजे स्कूलमध्ये शिकला, १९४५ साली राजकीय चळवळीत भाग घेतला म्हणून काढून टाकला गेला, १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, हुसेन, रझा, आरा, गाडे, बाक्रे आणि हा. म्हणजे हुबेहूब काढायचं शिक्षण झालेलं होतं. एखादं चित्र समोर घ्या आणि फक्त रेषा बघा, चेहरा विसरा. जाड काळी रेष, एका दमात ओढलेली, कुठे चाचपडणं नाही, आणि मग आडव्या-तिरप्या बारीक रेघांचं जाळं. डोळे वर कपाळात नेले की खाली गालांचा मोठा मोकळा पट्टा उरतो आणि सगळा चेहरा एखाद्या ढालीसारखा दिसायला लागतो, कठीण. नातू डोळे वर काढतो ते मोजमाप चुकतं म्हणून, सोझा काढतो ते दर वेळी त्याच जागी. याला आकाराच्या अंगाने बघणं म्हणतात, विषय-बिषय बाजूला ठेवून फक्त रेषा, रंग, जागा. इंग्लंडचा क्लाइव्ह बेल १९१४ साली म्हणाला की चित्रात एवढंच खरं, बाकी सगळं फुकट. मला ते टोकाचं वाटतं पण सुरुवात करायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

आता बाण. तुमचे शेजारी कॅथलिक असतील तर त्यांना विचारा, ते एका सेकंदात सांगतील, सां सेबास्तियन! बाणांनी विंधलेला संत, चर्चमध्ये बघून बघून पाठ. सोझाने १९५५ साली "मिस्टर सेबास्टियन" नावाचं चित्र केलं, त्यात हा संत सूट घालून उभा आहे आणि बाण चेहऱ्यात, मानेत. म्हणजे तुम्हाला जो विद्रूप माणूस दिसला तो शेजाऱ्याला हुतात्मा दिसतो, आणि १९४९ पासून लंडनमध्ये परका म्हणून राहणाऱ्या सोझाचं आयुष्य माहीत असलेल्याला तो सुटाबुटातला आणि तरी टोचून घेणारा माणूस दिसतो. तिन्ही अर्थांना चित्रात जागा आहे.

चरित्राचा चष्मा मात्र जपून वापरा. बाप लहानपणीच गेला, देवीचा आजार झाला, आईने सेंट फ्रान्सिसला नवस केला म्हणून फ्रान्सिस हे नाव, हे सगळं खरं आणि रंजक पण त्यावरून "म्हणून तो असं काढायचा" हे फार लवकर म्हटलं जातं. देवी कितीतरी पोरांना आल्या, १९५९ चं ते क्रूसावरचं चित्र, आता लंडनच्या टेटमध्ये आहे ते, एकानेच काढलं. आणि हेही सांगते की त्याचं सगळंच भारी नाही. उतारवयातली बरीच तोंडं मला पाट्या टाकल्यासारखी वाटतात. अभिमान असला म्हणून एवढं बोलायचं नाही असं थोडंच आहे.

प्रश्न : मी हिंदू, देवळात वाढलेला. चर्चमधली किंवा म्युझियममधली ख्रिस्ती चित्रं-मूर्ती बघताना मला काही लागतच नाही, आपलं नाहीच ते असं वाटतं. उगीच बघितल्यासारखं करतो.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : प्रामाणिक पत्र. पण एकदा जुने गोव्याला सांता मोनिकातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात जा, किंवा कुठेही गोव्याच्या हस्तिदंती मूर्ती असतील तिथे, आणि "गुड शेफर्ड" म्हणतात ती बाळ येशूची मूर्ती शोधा. सतराव्या शतकातल्या अशा मूर्ती आहेत, छोट्याशा, खाली डोंगरासारखी चढण, त्यावर मेंढ्या, झरा, आणि वर बाळ बसलंय, पाय एकमेकांवर टाकून, डोळे मिटलेले, गाल हाताला टेकलेला. पाद्र्याला यात बायबलमधला मेंढपाळ दिसणार. तुम्हाला कोण आठवतं? गुराखी बाळ आणि ध्यानात मिटलेले डोळे, बुद्ध आणि कृष्ण दोन्हींची नावं अभ्यासकांनी घेतलीत. कोरणारे हात इथलेच होते, समुद्रापलीकडून आलेली गोष्ट त्यांनी त्यांच्या हाताला माहीत असलेल्या बसण्यात बसवली. तेव्हा "आपलं नाही" हे तिथे उभं राहून परत एकदा म्हणून बघा, जमतं का.

तसाच आंजेलो द फोन्सेका, १९०२ साली सांत इस्तेवला जन्मलेला, कलकत्त्याला अवनींद्रनाथ टागोरांकडे आणि शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकला आणि मारियेला, म्हणजे येशूच्या आईला, साडी नेसवली. इथल्या लोकांना ते रुचलं नाही, शेवटी पुण्याच्या आश्रमात राहून आयुष्यभर काढत राहिला, १९६७ साली तिकडेच वारला. म्हणजे बघा, तुम्हाला जे परकं वाटतं तेच त्याने आपलंसं केलं तर ज्यांचं होतं त्यांना ते परकं वाटलं! त्याची बरीच चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. पदराची रेष कशी वाहते ते बघा, ते बघायला ख्रिस्ती असावं लागत नाही.

प्रश्न : पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत शिरताना त्या निळ्या टाइल्स आहेत, सगळी पोर्तुगीजांची बढाई. माझे वडील स्वातंत्र्यलढ्यात होते. त्या टाइल्स सुंदर आहेत म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. तुम्ही पण तेच म्हणणार?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : सुंदर आहेत असं म्हणणार, आणि तुमचा संताप योग्य आहे असंही. दोन्ही एकदम होऊ शकतं.

त्या अझुलेजो, म्हणजे रंगवलेल्या टाइल्स, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज कलाकाराच्या, १९३५ सालच्या. विषय पोर्तुगीज कवी कामोइशच्या १५७२ साली छापलेल्या महाकाव्यातला, वास्को द गामाचा प्रवास, समुद्र, वीर, देवता. नुसत्या रंगकामाच्या नजरेने बघा तर पांढऱ्यावर एकच निळा, पण कुठे पाण्यासारखा पातळ आणि कुठे शाईसारखा गडद, त्या एका रंगात अख्खा समुद्र आणि माणसांची गर्दी उभी केलीय. आता दुसरी नजर, जी तुमची आहे आणि जिला वसाहतवादाच्या अंगाने बघणं म्हणतात. ती विचारते, या चित्रात कोण उभं आहे आणि कोण वाकलंय, बोटीतून कोण येतं आणि किनाऱ्यावर कोण वाट बघतं, कोणाचा चेहरा नीट काढलाय आणि कोण नुसती गर्दी. प्रत्येक टाइलसमोर हे प्रश्न घेऊन उभे रहा. आणि १९३५ हे साल विसरू नका, चारशे वर्षांपूर्वीचा पराक्रम तेव्हा भिंतीवर काढावासा वाटला कारण साम्राज्याला स्वतःची खात्री करून द्यायची होती, असं मला वाटतं.

काढून टाकाव्यात का? माझं मत नाही म्हणून. वडिलांची गोष्ट त्याच दालनात लिहून लावावी असं मी म्हणेन. आझाद मैदानातला, गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कचा पुतळा मुक्तीनंतर उचलून जुने गोव्याच्या म्युझियममध्ये नेला, आणि आता त्या मैदानात हुतात्म्यांचं स्मारक आहे. पुतळा तोच आहे, एक ओरखडा वाढला नसेल, पण चौकात होता तेव्हा तो हुकूम करायचा आणि आता म्युझियममध्ये त्याच्याकडे शाळेची पोरं सहलीच्या रांगेतून बघत पुढे जातात. जागा बदलली की अर्थ बदलतो याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

प्रश्न : आजीच्या खोलीत रविवर्म्याची लक्ष्मी आहे, फार जुनी, मला खूप आवडते. मैत्रीण म्हणते हे सगळं पुरुषी नजरेचं आहे, आवडणं चूक आहे. मी बारावीत आहे.
— मडगाव

उत्तर : आवडणं कधी चूक नसतं गं. पण मैत्रिणीचा प्रश्न फेकून देऊ नकोस. १९७२ साली जॉन बर्जर या इंग्रज लेखकाने टीव्हीवर युरोपातली नग्नचित्रं दाखवत सांगितलं की ही बाई चित्रातल्या कोणासाठी नाही तर चित्र विकत घेणाऱ्या पुरुषासाठी अशी पहुडलीय. तो चष्मा तिथे फिट्ट बसतो. लक्ष्मीवर लावलास तर जरा सैल होतो, कारण ती समोर उभी आहे, हात द्यायला पुढे, आणि आजी तिच्यासमोर हात जोडून उभी राहते तेव्हा आजी तिला बघते त्याहून जास्त ती आजीला बघते. दर्शन म्हणतो ना आपण. शिवाय १८९४ साली रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला आणि देव कागदावर घरोघरी गेले, ज्यांना देवळात आत घेत नव्हते त्यांच्या भिंतीवर पण, हा त्या चित्राचा सामाजिक अर्थ कसा विसरायचा? पण त्याचीच शकुंतला घे, पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळलेली. तिला कळत नाहीये की आपण तिला बघतोय, आणि आपण मात्र निवांत बघतोय. तिथे मैत्रीण बरोबर.

अजून एक नाव लिहून ठेव, लिंडा नॉकलिन. १९७१ साली तिने विचारलं की थोर बाई चित्रकार का झाल्या नाहीत, आणि उत्तर दिलं की हुशारी कमी नव्हती, शिकायची दारं बंद होती, ज्या थोड्या झाल्या त्या बहुतेक चित्रकारांच्याच मुली. आपल्याकडचं बघ, आंजेला त्रिनदाद, १९०९ चा जन्म, चांगली चित्रकार, आणि वडील कोण तर सांग्याचे आंतोनियो झेवियर त्रिनदाद! वडिलांची चित्रं फोंतेन्हासच्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आहेत, आईसोबत बघून ये.

प्रश्न : हे सगळे साहेबांचे सिद्धांत. आपल्याकडे चित्र कसं बघावं हे कोणी सांगितलंच नाही का?
— मराठीचे शिक्षक, डिचोली

उत्तर : सांगितलंय, आणि मिश्किलपणे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात एक श्लोक आहे :

रेखां प्रशंसन्त्याचार्या वर्तनां च विचक्षणाः।
स्त्रियो भूषणमिच्छन्ति वर्णाढ्यमितरे जनाः॥

आचार्य रेषेची तारीफ करतात, जाणकार छायाप्रकाशाची, बायकांना दागिने हवेत आणि बाकीच्यांना भरपूर रंग. बायकांचं जे लिहिलंय त्यावर मी काही बोलत नाही, लिहिणारा पुरुष होता एवढंच नोंदवते. पण सर, एकाच चित्रापुढे चार माणसं चार गोष्टी बघतात हे त्याला माहीत होतं, आणि मला आवडतं ते हे की चित्रकाराने चौघांचीही सोय करावी असा त्याचा रोख आहे. तिथेच राजा वज्र मार्कंडेयाला चित्र शिकवा म्हणतो तर ऋषी म्हणतात आधी नृत्य कळलं पाहिजे, त्याआधी वाद्य, त्याआधी गाणं. यशोधराने कामसूत्रावरच्या टीकेत चित्राची सहा अंगं दिलीत ती मुलांना पाठ करून घेता येतील : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य, वर्णिकाभंग. पण पाठ करून सोडू नका, एखादं रविवर्मा आणि एखादं सोझा शेजारी ठेवून विचारा की प्रमाण कोणी मोडलं आणि भाव कोणाचा जास्त लागला. वर्गात मारामारी होईल, होऊ दे.

प्रश्न : भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं करोडोंना विकलं म्हणे. मग आमच्या चवथीच्या माटोळीत (गणपतीवर टांगतात त्या फळांच्या चौकटीत) घडच्या घड असतात, ती काय कमी कला?
— वाळपई

उत्तर : हाहा. इटालियन कलाकार मावरिझिओ कातेलानचं ते केळं, २०१९ साली पहिल्यांदा लावलं, २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं. त्यात विकलं जातं ते केळं नसतं, प्रमाणपत्र आणि कसं लावायचं त्याच्या सूचना असतात, केळं तुम्ही बाजारातून आणा. ही परंपरा १९१७ सालापासूनची, दुशां या फ्रेंच कलाकाराने मुतारीचं भांडं सही करून प्रदर्शनाला पाठवलं तेव्हापासून, आणि त्यातून एक विचार निघाला की वस्तूत काही नसतं, गॅलरी, समीक्षक, बाजार मिळून जिला कला म्हणतील ती कला.

या विचाराने माटोळी कलेत बसत नव्हती कारण ती गॅलरीत नव्हती. पण दुसरीकडून बघा. सत्तरीच्या रानातून कांगलां, घागऱ्यो, आंबाडे अशी फळं आणून, सुपारीचे कातरे, नारळ, तवशें (काकडी) सगळं लाकडी चौकटीला असं बांधायचं की रंग तुटता कामा नये, वजन एका बाजूला जाता कामा नये आणि गणपतीच्या डोक्यावर छत्र वाटलं पाहिजे. ही रचना आहे, शंभर टक्के. पुन्हा कोणतं फळ कुठल्या रानात मिळतं याची आठवण त्यात, म्हणजे जंगल माहीत असलेला माणूस ती वेगळी वाचणार आणि पणजीच्या फ्लॅटमधला वेगळी. आता सरकारचं कला आणि संस्कृती खातं माटोळीची स्पर्धा घेतं, बक्षिसं देतं, त्यामुळे संस्थेचा शिक्कापण बसला. स्पर्धेमुळे काही जण नुसता आकडा वाढवायला लागलेत, हे मला आवडत नाही. केळ्यापेक्षा कमी का? मला तर जास्त वाटते, पण मी वाळपईच्या बाजूने आहे हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : सांग्याला उसगाळीमळला कातळावर गोल गोल चक्र कोरलंय. कोणी म्हणतं चक्रव्यूह, कोणी भोवरा, कोणी आणखी काही. खरं काय?
— रिवण

उत्तर : कुशावती नदीकाठी जांभ्या दगडात आहेत ती चित्रं, १९९३ साली अभ्यासकांच्या नजरेला आली, बैल, मोर, माणसं आणि ते चक्र. कोरणाऱ्यांनी लेख ठेवलेला नाही, तेव्हा इथे पानोफ्स्कीची दुसरी पायरीच गळालेली आहे, कथा सांगणारं कोणी नाही. अशा वेळी पहिल्या पायरीवर पाय रोवून उभं राहायचं. रेषेवर बोट ठेवून (हात न लावता, वरून!) वाट कुठून आत जाते, किती वेढे घेते ते फिरून बघा. महाभारताचं नाव द्यायचा मोह टाळा, गाईडना तो टाळता येत नाही.

प्रश्न : तुम्ही नेहमी म्हणता बोट ठेवून दाखवा. मग गायतोंड्यांच्या चित्रात बोट कुठे ठेवू? काहीच नाहीये तिथे.
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : अडकवलंत मला, पण पूर्ण नाही. वासुदेव गायतोंडे, १९२४ साली नागपूरला जन्म, घराणं गोव्याचं, २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. ते आपल्या चित्रांना ॲबस्ट्रॅक्ट म्हणू देत नसत कारण कुठल्या वस्तूपासून काढून घेतलेलं असं त्यात काही नव्हतंच. तेव्हा त्यात डोंगर, समुद्र, मांडवीवरचं धुकं शोधायला जाऊ नका, लोक शोधतात आणि सापडल्यावर खुश होऊन पुढे जातात, चित्र तिथेच राहतं.

बोट ठेवायचं ते रंगाच्या थरावर. त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ वापरली, रंग लावला, खरवडला, परत पातळ थर दिला. एखाद्या ठिकाणी खालचा थर वर डोकावतो, ती कड शोधा. मग तिथून नजर खाली आणा, रंग कुठे जड होतो, मधले ते खुणांसारखे तुकडे एका ओळीत आहेत की तरंगतायत. जवळून बघा, मग पाच पावलं मागे या, परत जवळ जा. झेन या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथाचा त्यांच्यावर प्रभाव होता, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, ते नंतर वाचा. आधी वाचलंत तर चित्रात शांतता दिसायलाच पाहिजे असं वाटायला लागेल, आणि मला स्वतःला त्यांची काही चित्रं अजिबात शांत वाटत नाहीत, आतून कोणीतरी सारखं खरवडतंय असं वाटतं. तुम्हाला काय दिसलं ते कळवा, मात्र कुठल्या चित्रात आणि कुठल्या कोपऱ्यात ते लिहायला विसरू नका.